ग्रास, ग्युंटर

(१६ ऑक्टोबर १९२७ – १३ एप्रिल २०१५). जर्मन कादंबरीकार, कवी, शिल्पकार. जन्म डान्झिगचा, आज हे शहर पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव ग्दान्स्क. आईवडिलांचे तिथे वाण्याचे दुकान होते.

‘दी ब्लेखट्रोमेल’ (पत्र्याचा ढोल, १९५९) या पहिल्याच कादंबरीने त्यांचे नाव झाले आणि वादही सुरू झाले. तिचा नायक ओस्कार तिसऱ्या वर्षीच वाढायचे थांबवतो, किंकाळीने काचा फोडतो. नाझींच्या सभेत तो मंचाखाली शिरून ढोल वाजवतो. संचलनाचा ठेका बघता बघता नाचाचा होतो आणि शिस्तीत उभी असलेली माणसे नाचू लागतात. परीक्षकांनी तिला ब्रेमेनचा साहित्य पुरस्कार दिला, तर शहराच्या सरकारने तो अडवला. कारण अश्लीलता. १९९९ साली नोबेल मिळाले.

खरे वादळ उठले ते २००६ मध्ये, आणि त्याचा अश्लीलतेशी संबंध नव्हता. ‘बाइम हॉयटन देअर त्स्विबेल’ (कांदा सोलताना) हे आत्मचरित्र येण्याच्या तोंडावर एका मुलाखतीत ग्रास यांनी सांगितले, की सतराव्या वर्षी आपण वाफेन-एसएसमध्ये, म्हणजे नाझींच्या एसएस या संघटनेच्या लष्करी दलात होतो. त्या कोवळ्या वयाबद्दल फारसे कुणी बोलले नसते. झोंबली ती साठ वर्षांची गुपचिळी. नाझी भूतकाळ लपवणाऱ्यांना इतकी वर्षे खडसावले ते याच माणसाने. १९८५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर कोल बिटबुर्गच्या दफनभूमीत गेले तेव्हाही ग्रास यांनी टीका केली होती. तिथे वाफेन-एसएसचे सैनिक पुरलेले आहेत. कबुलीनंतर पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष लेख वालेंसा यांनी ग्दान्स्कचे मानद नागरिकत्व सोडा, अशी मागणी केली. ग्रास यांचे पत्र आल्यावर ती मागे घेतली.

२०१२ मध्ये इस्रायलच्या अण्वस्त्रांवर टीका करणारी त्यांची कविता छापून आली आणि इस्रायलने त्यांना प्रवेशबंदी केली. ती कविता म्हणून सुमारच होती.

ग्रास १९८६-८७ मध्ये कोलकात्यात काही महिने राहिले होते. ‘त्सुंगे त्सायगेन’ (जीभ दाखवणे, १९८८) हे रेखाटनांचे पुस्तक त्यातूनच आले. शंकरावर पाय पडताच जीभ बाहेर काढणारी काली त्यांना तिथे भेटली. आपण चूक कळताच जीभ चावतो, तशीच. ग्रास यांनी ती जीभ लाजेची खूण मानली. तेव्हा स्वतःच्या कबुलीला अजून अठरा वर्षे होती.