ते 10 टक्के, 20 टक्के, 90 टक्केवालं चित्र

वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20 टक्के आणि स्वतः केलेलं 90 टक्के, हे फॉरवर्ड ऑफिसच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय. त्यावरून बरेच मॅनेजर समजतात की शिकवताना प्रश्न विचारणं म्हणजे नुसत्या गप्पा, थेट काम द्या.

पटण्यासारखं वाटतं खरं, मलाही वाटलं होतं. पण आकडे बघा ना, सगळे गोल. किती दिवसांनी मोजले, कुणावर मोजले, काय शिकवलं होतं, काहीच लिहिलेलं नसतं. हे चित्र ज्या शंकूच्या आकाराच्या आकृतीवरून आलं ती 1946 च्या एका अमेरिकन पुस्तकातली, आणि तिच्यात टक्के नव्हतेच, ते नंतर कुणीतरी चिकटवले.

खरं काय, तर डोक्याला ताण देऊन आठवलं की ते जास्त टिकतं, यावर शंभरहून जास्त वर्षं प्रयोग झालेत. म्हणूनच प्रश्न कामाचा. अकाउंट्समधल्या मुलीचं बँक स्टेटमेंट जुळत नसेल तर चूक लगेच दाखवू नका, "आधी काय तपासशील?" विचारा आणि प्लीज गप्प बसा, ती कदाचित म्हणेल न वटलेले चेक बघते, मग "अजून काय?" विचारा. अगदीच नवीन असेल तर मात्र आधी करून दाखवा, माहितीच नसेल तर आठवणार काय.

तपासायचंय? एक काम सांगून शिकवा, तितकंच अवघड दुसरं प्रश्न विचारत, आणि पंधरा दिवसांनी दोन्ही तिला एकटीला करू द्या.