बियांच्या पुडीतून जग फिरलेली झिनिया

दादरच्या फुलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे एक फेरी मारली की झेंडूचे ढीग दिसतात. शेवंती असते, निशिगंधाच्या जुड्या असतात, पॉलीहाऊसमधला जर्बेरा आणि जाळीच्या टोप्या घातलेले गुलाब असतात. झिनिया मात्र सहसा दिसत नाही. हे फूल काही दुर्मीळ नाही. शाळेच्या कुंपणाशी, रेल्वे स्टेशनच्या छोट्या बागेत, गॅलरीतल्या कुंडीत ते पावसाळाभर फुललेलं असतं. लाल, नारिंगी, राणी, पिवळं, पांढरं, इतकंच काय हिरवंसुद्धा. लावणाऱ्याकडे भरपूर आणि बाजारात जवळजवळ नाही, असं का व्हावं? त्याचं उत्तर झिनियाच्या गेल्या अडीचशे वर्षांच्या प्रवासात आहे. या फुलाने सगळा प्रवास बी म्हणून केला, फूल म्हणून फारसा केलाच नाही.

मूळ घर मेक्सिको. त्या देशातून आपल्याकडे आलेली झाडं वगळायची म्हटली तर पूजेची परडी बरीच रिकामी होईल. झेंडू तिकडचा, निशिगंध तिकडचा, देवळासमोरचा पांढरा चाफाही त्याच बाजूचा. बागेतले डेलिया आणि कॉसमॉससुद्धा मेक्सिकोचेच. त्यातल्या झेंडूने तर दसऱ्याचं तोरण असं काबीज केलं, की तो परका आहे हे सांगितलं तर घरातली मोठी माणसं रागावतात. झिनियाला तो मान मिळाला नाही. तिला वास नाही, आणि तिचं सगळं रूप लांब देठावर आहे. आपली फुलांची आवड ओवण्याची आणि माळण्याची: हार, गजरा, वेणी. देठासकट फूल कापून पाण्यात ठेवायचं ही बंगल्यांतून आलेली रीत, आणि झिनिया जन्मजात फुलदाणीचं फूल. ती अंगणात आली, पण देवघरात पोचली नाही.

हवामान मात्र तिला इथे ओळखीचं वाटलं असणार. पश्चिम आणि दक्षिण मेक्सिकोच्या ज्या भागांत ती रानात उगवते तिथे पाऊस उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो, ऑक्टोबरच्या सुमारास ओसरतो आणि मग कोरडे महिने लागतात. दख्खनच्या पठारावरचं वेळापत्रक याहून फार वेगळं नाही. पहिल्या पावसात बी रुजायचं, श्रावण-भाद्रपदात फुलायचं, थंडीआधी नवं बी धरून वाळून जायचं, हा तिचा मूळचाच क्रम आहे. म्हणून जूनमध्ये वाफ्यात टाकलेलं बी चार-सहा दिवसांत वर येतं. फारशी निगा न राखताही आठ ते दहा आठवड्यांत फुलं सुरू होतात.

नावाची गोष्ट मात्र मेक्सिकोत घडत नाही. इंटरनेटवर एक किस्सा फिरतो: झिन नावाचा जर्मन शास्त्रज्ञ मेक्सिकोच्या डोंगरात जांभळी फुलं गोळा करत होता, चोरांनी त्याला पकडलं, त्याच्या झोळीत नुसती कोमेजलेली फुलं बघून हा वेडा आहे असं त्यांना वाटलं आणि त्यांनी त्याला सोडून दिलं. किस्सा छान आहे, पण खोटा. योहान गॉटफ्रीड झिन मेक्सिकोला कधी गेलाच नाही. त्याचा जन्म १७२७ मधला. १७५३ मध्ये तो गॉटिंगेनला प्राध्यापक आणि तिथल्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्याची खरी कीर्ती मात्र फुलांमुळे नव्हे, डोळ्यामुळे आहे. मानवी डोळ्याच्या रचनेवरचा त्याचा लॅटिन ग्रंथ १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यातलं भिंग जे बारीक तंतू जागेवर धरून ठेवतात त्यांना आजही त्याचंच नाव आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ते 'झिनचे तंतू' सांभाळावे लागतात.

झिन १७५९ मध्ये गेला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. त्याच वर्षी लिनियसने, म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं देण्याची रीत घालून देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने, अमेरिका खंडातून आलेल्या एका रोपाच्या वंशाला (जवळच्या जातींच्या गटाला) झिनिया हे नाव दिलं. तेच रोप सहा वर्षांपूर्वी त्याने दुसऱ्याच वंशात टाकलं होतं, ती चूक आता सुधारली. योगायोग असा, की मेक्सिकोत या रोपाला 'माल दे ओखो' असंही म्हणतात. म्हणजे शब्दशः डोळ्याची पीडा, आपल्या भाषेत दृष्ट. डोळ्याच्या शास्त्रज्ञाचं नाव आणि दृष्टीचं फूल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण जुळलंय मात्र झकास.

लिनियसने पाहिलेली ती जात आपल्या बागेतली नव्हे. तिची फुलं लहान, विटक्या लाल रंगाची. आपली झिनिया युरोपात आली अठराव्या शतकाच्या अखेरीला. स्पेनने तेव्हा मेक्सिकोत मोठी वनस्पती-मोहीम काढली होती, १७८७ मध्ये सुरू झालेली. त्या वाटेने बियांचे डबे माद्रिदच्या शाही उद्यानात येऊ लागले. तिथे कावानिलेस या वनस्पतीशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये या जातीला रंगावरून नाव दिलं, 'जांभळी'. त्यापाठोपाठ व्हिएन्नाचा वनस्पतीशास्त्रज्ञ याकिन याने तिला 'एलेगान्स', म्हणजे डौलदार, असं म्हटलं. बियांच्या पाकिटांवर अजून याकिनचंच नाव छापलेलं असतं. कावानिलेसचा मान आधीचा असला तरी बाजाराला डौलदारच आवडलं.

माद्रिदहून १७९६ मध्ये बी इंग्लंडला गेलं, ब्यूट या सरदार घराण्याच्या मार्चिओनेसकडून, म्हणजे सरदारपत्नीकडून. तिचा नवरा स्पेनमध्ये ब्रिटिश राजदूत होता आणि माद्रिदच्या उद्यानाशी तिची ओळख होती. हे फूल इंग्रजांना पहिल्यांदा फारसं भावलं नसावं. तेव्हाची झिनिया म्हणजे मधे शंकूसारखी गोंडी, भोवती पाकळ्यांची एकच ओळ, रंग मळकट जांभळा. शिवाय थंडी तिला अजिबात सोसत नाही, हिमाच्या एका रात्रीत रोप काळं पडतं.

तिचं नशीब पालटलं ते भारतातून गेलेल्या बियांमुळे, आणि हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती इंग्रजांबरोबर इथल्या बंगल्यांत आणि छावण्यांच्या बागांत आली होती आणि ऊन-पावसात रमली होती. १८५०च्या दशकाच्या अखेरीस भारतातून फ्रान्सला गेलेलं बी रुजलं, तेव्हा काही रोपांना गेंदेदार फुलं आली. मधली गोंडी गायब आणि तिच्या जागी पाकळ्यांवर पाकळ्या. पॅरिसच्या व्हिल्मोरँ कंपनीने १८६०च्या सुमारास ही 'डबल' झिनिया विक्रीला आणली. मग तिला सगळीकडे मागणी आली. मेक्सिकोची मुलगी भारतात वाढली आणि नाव झालं फ्रान्समध्ये. ते बी इथल्या ज्या वाफ्यांत धरलं गेलं तिथे पाणी घालणारा माळी मराठी होता की बंगाली, हा प्रश्न मला उगाचच छळतो.

पाकळ्यांचा हिशोब इथे सांगायला हवा. झिनिया सूर्यफुलाच्या कुळातली, म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर शेकडो लहान फुलांचं संमेलन. बाहेरची पाकळीवाली फुलं, आतली नळीसारखी पिवळी. आतल्यांनाही पाकळ्या फुटल्या की फूल डबल होतं. या पाकळ्या कागदासारख्या कडक असतात आणि गळून पडत नाहीत. बी तयार झालं तरी त्याला चिकटून राहतात. त्यामुळे एकाच झाडावर जुनी वाळकी फुलं आणि ताजी फुलं शेजारी-शेजारी नांदतात. यावरून इंग्रजी बोलणाऱ्या मुलखात तिला 'तारुण्य आणि म्हातारपण' असं नाव पडलं. पाण्यात ठेवल्यावरही पाकळ्या झडत नाहीत ती याच गुणामुळे. आधी मान वाकते.

विसाव्या शतकात सगळा उद्योग कॅलिफोर्नियात गेला. तिथल्या बॉजर कंपनीने १९२०च्या आसपास डेलियासारख्या मोठ्या, भरगच्च फुलांच्या झिनिया काढल्या आणि पुढच्या दशकात सुरळी झालेल्या पाकळ्यांच्या. लोम्पोक खोऱ्यात मैलच्या मैल फुलांचे पट्टे असत, लोक मोटारीने बघायला जात. पण ती फुलं कोणी कापायचं नाही. पीक बियांचं होतं, फुलं वाळण्यासाठीच होती. १९३१ मध्ये इंडियाना राज्याने झिनियाला राज्यपुष्प केलं आणि १९५७ मध्ये तिला काढून पिओनी या फुलाला केलं. मेक्सिकोची पाहुणी गेली, तिच्या जागी आणखी दूरची पाहुणी आली.

पुढे संकरित बियांचं युग आलं. फिलाडेल्फियाच्या बर्पी कंपनीने त्यात एक गमतीशीर युक्ती केली. झिनियाच्या पिकात अधूनमधून एखादं कुरूप रोप निघतं. त्याच्या फुलाला पाकळ्या नसतात, पराग नसतो, नुसता केसाळ गोळा. माळी ते उपटून टाकतो. बर्पीने तीच रोपं 'आई' म्हणून वापरली, कारण त्यांचं स्वतःच्या परागाने फळणं शक्यच नव्हतं. सुंदर संकरित झिनियांच्या मागे अशी एक बिनपाकळ्यांची आई आहे.

रोगाचं दुखणं मात्र राहिलंच. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आणि पानांवरचे करप्याचे ठिपके हे झिनियाचे जुने शत्रू. कोकणातल्या दमट पावसात तर पानं बघवत नाहीत, म्हणून तिकडे बरेच जण पाऊस सरल्यावरच बी टाकतात. जपानच्या साकाता कंपनीने अरुंद पानांच्या दुसऱ्या एका रानटी जातीशी संकर करून भुरीला दाद न देणारी 'प्रोफ्यूजन' मालिका काढली. १९९९ मध्ये तिला अमेरिकेत सुवर्णपदक मिळालं. कुंडीसाठी ती उत्तम, फुलदाणीसाठी बुटकी. कापण्यासाठी लावायची तर 'बेनारीज जायंट'सारखी उंच जात बघावी, देठ हातभर लांब मिळतात. बेनारी ही जर्मन कंपनी, १८४३ मध्ये एर्फुर्टला सुरू झालेली.

आपल्याकडे झिनिया पसरली तीही पुडीतूनच. पुण्याच्या पोचांचं बियाण्यांचं दुकान १८८४ पासूनचं. हंगामी फुलांच्या बियांची पाकिटं, वर रंगीत चित्र, आत चिमूटभर बी, ही गोष्ट कित्येक घरांत अशाच दुकानांमुळे शिरली. नंतर पाकिटाचीही गरज उरली नाही. शेजारणीकडून वाळकं फूल मागून आणायचं, चोळायचं आणि टाकायचं.

आता बाजाराचा प्रश्न. कापलेल्या फुलांचा आजचा व्यापार खोक्यांवर आणि शीतगृहांवर चालतो. गुलाब आणि कार्नेशन फ्रिजच्या थंडीत दिवसचे दिवस राहतात. झिनियाला चार अंशांच्या आसपासची थंडीही बाधते, फूल काळवंडतं. पाण्याबाहेर खोक्यात झोपवली तर फुलाखालचा देठ वाकतो आणि मग सरळ होत नाही. जातींमागून जाती आल्या, फूल तिप्पट मोठं झालं, रंग वीसपट झाले, पण हा नाजूकपणा कुणाला काढता आला नाही. अलीकडे अमेरिकेत आणि युरोपात घराजवळच्या छोट्या शेतांतून फुलं विकणाऱ्यांनी तिला पुन्हा वर आणलं, कारण त्यांना ती लांब पाठवायचीच नसते.

म्हणून झिनियाचा गुच्छ हवा तर ती लावावीच लागते, आणि कापण्याची एक खूण शिकावी लागते. फुलाच्या वीतभर खाली देठ दोन बोटांत धरून हलकेच हलवायचा. मान लडबडली तर फूल अजून कोवळं आहे, कापलं तर तासाभरात माना टाकेल. देठ काठीसारखा ताठ राहिला तर खुशाल कापा. रंग बघून फसायला होतं, कारण कोवळ्या फुलालाही पूर्ण रंग चढलेला असतो. सकाळी लवकर कापावं, पाण्यात बुडणारी सगळी पानं काढावीत. झिनियाचं पाणी फार लवकर गढूळ होतं, ते रोज बदललं तर आठवडाभर फूल सहज टिकतं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा, आणि नंतर फुलं कापताना हात आखडता घेऊ नये. जितकं कापाल तितके नवे फुटवे येतात. फुलांची दया करणाऱ्याच्या झाडाला बी धरतं आणि ते थांबतं.

सगळ्यात लांब गेलेलं झिनियाचं बी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात रुजलं, १६ नोव्हेंबर २०१५ रोजी. पुढे तिथे टोमॅटो पिकवायचे होते, त्याची ही रंगीत तालीम. झिनियाच निवडली, कारण तिला पाणी आणि उजेड यांतली चूक लगेच कळते आणि फुलायला साठ ते ऐंशी दिवस लागतात. डिसेंबरअखेर पानांवर पाणी साचलं आणि बुरशी आली. पाणी कधी द्यायचं याचं वेळापत्रक पृथ्वीवरून ठरत होतं. अंतराळवीर स्कॉट केलीने सांगितलं, की माळ्यासारखं रोपाकडे बघून मला ठरवू द्या. त्यावर खालून त्याला झिनियाच्या निगेची एक पानी टिपण पाठवण्यात आली, बाकी त्याच्यावर सोडलं. काही रोपं गेली, काही तगली. जानेवारीत नारिंगी फूल उमललं. ते अंतराळातलं पहिलंच फूल अशी बातमी झाली, पण ते खरं नाही. त्याच स्थानकात २०१२ मध्ये सूर्यफूल उमललं होतं, आणि त्याआधी सोव्हिएत स्थानकातही एका छोट्या रोपट्याला फुलं आली होती.

१४ फेब्रुवारी २०१६ रोजी केलीने ती फुलं कापली. फुलदाणीचा उपयोग नव्हता, तिथे पाणीही तरंगतं. खिडक्यांच्या घुमटात त्याने गुच्छ नुसता हवेत सोडला आणि मागे पृथ्वी ठेवून फोटो काढला.