कात्रजच्या चितळाची शिंगं कोणी कापली?

परवा रविवारी भाच्याला घेऊन कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात गेलो होतो. चितळांच्या जाळीपाशी एक काका नातवाला सांगत होते, "त्या नराची शिंगं कापलीयत बघ, भांडतात ना ते." मी गप्प बसलो आणि आता घरी येऊन हे टाईप करतोय.

घोळ आपल्या भाषेचाच आहे. गाईचं पण शिंगच आणि सांबराचं पण शिंगच! पण गाईचं किंवा तिथल्याच काळविटाचं शिंग म्हणजे आत हाड, वर नखाच्या जातीचं टोपण, जन्मभर तेच. हरणाचं शिंग मात्र अख्खं हाड, जे दरवर्षी गळतं आणि नवीन उगवतं.

मला हे वेड लागलं कॅनडातल्या एल्क फार्मचे व्हिडिओ बघून. एल्क म्हणजे आपल्या काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातेवाईक, नर सहज 300 किलोच्या वर. (ब्रिटनमध्ये एल्क म्हटलं की मूस नावाचं हरीण समजतात, तो वेगळा.) उडी अशी की कुंपण आठ फुटी घालावं लागतं, आणि माजावर आला की एकाच वेळी शिट्टी पण मारतो आणि खाली घुमतो पण, दोन आवाज एका गळ्यातून. पण ते राहू दे, शिंगांचं बोलू.

वसंतात जुनं शिंग गळतं, खालचा खुंट रक्ताळलेला दिसतो, त्यावर खपली धरते आणि त्यातूनच नवा कोंब. ऐन वाढीत दिवसाला 2.5 सेंटीमीटरपर्यंत! वर मखमलीसारखी लव असलेली कातडी, आत रक्तवाहिन्या, नसा, हात लावला तर चक्क गरम. एवढं कॅल्शियम नुसत्या चाऱ्यातून पुरत नाही म्हणून गडी स्वतःच्या बरगड्यांतून उसनं घेतो.

आता माझा आवडता प्रश्न, त्याला कळतं कसं की आता उगव, आता गळ? उत्तर आहे रात्रीची लांबी. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे हार्मोन सोडते, रात्र जितकी मोठी तितका वेळ जास्त. उन्हाळा सरून रात्री वाढायला लागल्या की त्या इशाऱ्यावर टेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन चढतं, मखमलीचं रक्त बंद होतं, ती वाळते, नर झाडाला घासून काढतो आणि कडक शिंगं घेऊन भांडायला मोकळा. हिवाळा सरता सरता टेस्टोस्टेरॉन उतरलं की खुंटाच्या सांध्यावरचं हाड पेशीच खाऊन टाकतात आणि शिंग टपकन खाली.

रिचर्ड गॉस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सिका हरणांना खोट्या दिव्यांत ठेवून वर्षभराचा दिवस-रात्रीचा चढउतार सहा महिन्यांत बसवला, तर शिंगं वर्षात दोनदा बदलली, अजून आवळला तर आणखी जास्त वेळा. 1969 साली त्याने हे छापलं. आणि कायम 12 तास उजेड 12 तास अंधार ठेवला तर? शिंगं बदलेचनात, घड्याळ बंद! 1905 मध्ये एल्क न्यूझीलंडला नेऊन सोडले, तिकडे ऋतू उलटे, तर सप्टेंबरात माजावर येणारी जात तिथे मार्च-एप्रिलात ओरडायला लागली.

पुण्यात सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहान अकराचा. कॅनडातल्या एडमंटनला तेच 17 आणि साडेसात. म्हणजे आपल्याकडे सूर्याची हाक अगदीच हळू. म्हणून तर चितळांच्या एकाच कळपात एक नर कडक शिंगांचा, एक मखमलीतला आणि एक बोडका, असे तिन्ही सापडतात. काकांचा 'कापलेला' नर तोच.

फार्मवर मात्र खरंच कापतात, मखमल असतानाच, भूल देऊन, कारण त्याच्या कॅप्सूल विकल्या जातात, ताकदीच्या नावाने. त्यात वाढीची प्रथिनं असतात हे खरं पण पोटात गेलं की त्यांचं वरणातल्या प्रथिनासारखंच पचन होतं. आपण तरी काय हसायचं, आमच्या आत्याकडे सहाणेवर उगाळायला सांबरशिंगाचा तुकडा आहे, तिच्या सासूबाईंचा. बरगडीत चमक भरली की गरम लेप. शेक बरा वाटतो, मान्य, पण शिंग म्हणजे मेलेलं हाड हो, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याचा धंदा गुन्हा आहे. हे सांगितलं तर आत्या म्हणाली, "विकतंय कोण?" आणि तुकडा परत फडक्यात गुंडाळून ठेवला.