पेनड्राइव्ह अडवून ठेवणारे पंधरा बाइट

लिनक्स शिकायची हौस असलेली मुलं सुरुवात साधारण एकाच पद्धतीने करतात. उबुंटू किंवा मिंट या लिनक्सच्या प्रकारांची आयएसओ फाइल (सीडीची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये) डाउनलोड करायची, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करून बघायचा. इथवर सगळं छान चालतं. अडचण येते ती नंतर, तोच पेनड्राइव्ह पुन्हा गाण्यांसाठी, फोटोंसाठी वापरायला घेतल्यावर. विंडोजमध्ये लावला की त्याची जागा जेमतेम चार-पाच एमबी दिसते. राइट क्लिक करून फॉरमॅट मारलं तरी तेवढीच. मग ‘पेनड्राइव्ह गेला’ असं म्हणून तो ड्रॉवरमध्ये पडतो, नाहीतर कचऱ्यात जातो. खरं तर तो बिलकुल बिघडलेला नसतो. अडवणूक करत असतात अवघे पंधरा बाइट. ते कुठे बसले आहेत हे कळलं, तर काम दोन मिनिटांचं आहे.

पेनड्राइव्हमध्ये एकावर एक असे तीन थर असतात. सगळ्यात खाली फ्लॅश मेमरी आणि तिच्यावर देखरेख करणारी कंट्रोलर चिप. त्यावर पार्टिशन टेबल, म्हणजे ड्राइव्हचा कोणता भाग कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो याची नोंद. आणि प्रत्येक पार्टिशनच्या आत फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे ठेवली आहे याचा हिशेब. आपण राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ म्हणतो तेव्हा फक्त तिसऱ्या थराला हात लागतो. मोजणीच्या नकाशात प्लॉट एका गुंठ्याचा नोंदलेला असेल, तर घराला कितीही वेळा रंग दिला तरी तो दहा गुंठ्यांचा होणार नाही. इथे नेमकं तेच चाललेलं असतं. दोष पार्टिशन टेबलात आणि आपण रंगवतोय फाइल सिस्टिम.

आता हे टेबल जवळून पाहू. ड्राइव्हची जागा सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत मोजतात, आणि पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर डॉसची २.० आवृत्ती आली, तेव्हापासून या सेक्टरची मांडणी ठरलेली आहे. पहिले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, पुढचे ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी (प्रत्येकी १६ बाइट), आणि शेवटचे दोन बाइट ही ओळखीची खूण: ५५ आणि एए (हेक्साडेसिमल आकडे). यालाच एमबीआर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणतात. यात पार्टिशनची सुरुवात आणि लांबी प्रत्येकी चार बाइटमध्ये लिहायची असल्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरांनी हे टेबल साधारण दोन टीबीच्या पुढे पोचू शकत नाही. ती मर्यादा ओलांडण्यासाठी पुढे जीपीटी हे नवं पार्टिशन टेबल आलं. त्यात सहसा १२८ नोंदींची सोय असते. त्याचा मथळा दुसऱ्या सेक्टरमध्ये असतो, ‘ईएफआय पार्ट’ या इंग्रजीत आठ बाइट भरणाऱ्या अक्षरांनी सुरू होतो, आणि त्याची एक प्रत ड्राइव्हच्या अगदी शेवटी राखून ठेवलेली असते.

लिनक्सच्या आयएसओ फाइलमध्ये या सगळ्याची एक गमतीदार सांगड घातलेली असते, आणि मला ती कारागिरी फार आवडते. आयएसओ ९६६० हा सीडीसाठीचा नियम १९८८ चा. त्या नियमाने सीडीचे पहिले सोळा सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, मोकळे सोडले होते. सीडीला त्यांचा उपयोग नव्हता. पुढच्या लोकांनी त्या रिकाम्या जागेत एमबीआर आणि जीपीटी दोन्ही बसवली. त्यामुळे तीच फाइल डीव्हीडीवर जाळली तर डीव्हीडी म्हणून चालते, पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली तर हार्ड डिस्क म्हणून चालते, आणि संगणक सुरू करणारी जुनी बायॉस प्रणाली असो की नवी यूईएफआय, दोघींनाही आपापल्या सोयीची खूण सापडते. विंडोजला मात्र यातला मोठा भाग वाचता येत नाही. तिला दिसतं ते फक्त सुरुवातीच्या बूटसाठी ठेवलेलं चार-पाच एमबीचं छोटं पार्टिशन. आपला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आकसला तो असा. विंडोज १० ची १७०३ ही आवृत्ती २०१७ मध्ये येईपर्यंत विंडोज पेनड्राइव्हवरचं पहिलं पार्टिशन सोडून बाकीच्यांकडे बघायचीच नाही, त्यामुळे तेव्हा गोंधळ याहून मोठा होता.

विंडोजवर यावर उपाय म्हणजे डिस्कपार्ट, पार्टिशन टेबलाला हात घालणारं विंडोजमधलंच साधन. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, डिस्कपार्ट सुरू करायचं आणि ‘लिस्ट डिस्क’ विचारायचं. इथे थांबा आणि आकडे नीट वाचा. डिस्क ० बहुधा लॅपटॉपची स्वतःची असते, आणि ‘क्लीन’ ही कमांड ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह यादीत २९ जीबीच्या आसपास दिसेल, ते बरोबरच आहे. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०७ कोटी ३७ लाख, म्हणून हा फरक पडतो. आपला ड्राइव्ह ‘सिलेक्ट डिस्क’ने निवडायचा, मग ‘क्लीन’, मग ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, आणि शेवटी फॉरमॅट. शंका असेल तर पेनड्राइव्ह काढून एकदा यादी बघावी, लावून पुन्हा बघावी. जी ओळ नव्याने आली, तो आपला.

लिनक्सवर तोच प्रकार वेगळ्या रूपात भेटतो. एखाद्याने नवं पार्टिशन टेबल लिहिलं, फॉरमॅट केलं, तरी फाइल मॅनेजर त्या ड्राइव्हला जुन्या उबुंटूच्या नावाने हाक मारतो. जीपार्टेड हा पार्टिशन करायचा प्रोग्राम उघडला तर कधी इशारा येतो की ड्राइव्हवरच्या नोंदीप्रमाणे सेक्टर २०४८ बाइटचा आहे, पण लिनक्सच्या मते तो ५१२ चा. कारण असं की हल्ली पहिलं पार्टिशन एक एमबी अंतर सोडून सुरू करतात. नवं टेबल ड्राइव्हच्या अगदी सुरुवातीला लिहिलं जातं, नवी फाइल सिस्टिम एक एमबीच्या पुढे, आणि मधल्या पट्ट्याला कोणीच हात लावत नाही. सीडीची खूण असते शून्यापासून मोजल्यास ३२,७६९ व्या बाइटपासून: ‘सीडी००१’ ही पाच अक्षरं. ती त्या पट्ट्यात सुखरूप राहतात आणि पुढच्या प्रत्येक प्रोग्रामला सांगत राहतात की ही सीडी आहे.

त्यासाठी वाइपएफएस नावाचं साधन आहे. आधी ड्राइव्ह अनमाउंट करायचा, म्हणजे लिनक्सच्या वापरातून मोकळा करायचा, नाहीतर ‘डिव्हाइस बिझी’ म्हणून ते नकार देतं. मग पार्टिशनवर न चालवता संपूर्ण ड्राइव्हवर चालवायचं: लिनक्सने ड्राइव्हला ‘एसडीबी’ नाव दिलं असेल, तर ‘एसडीबी१’ (त्यातलं पहिलं पार्टिशन) असं नाही, ‘एसडीबी’ असं. ते काय पुसलं याचा हिशेब स्क्रीनवर देतं. आयएसओ ९६६० चे पाच बाइट, जीपीटीचे आठ, आणि पहिल्या सेक्टरच्या शेवटचे ५५ आणि एए हे दोन. झाले पंधरा. एवढं पुसलं की ड्राइव्ह कोरा ठरतो आणि त्यावर हवं तसं पार्टिशन करता येतं.

पंधरा बाइट सोडून बाकी सगळा मजकूर मात्र अजून तिथेच असतो. क्विक फॉरमॅटचंही तसंच. ते फाइल सिस्टिमची नवी वही उघडतं, जुन्या फाइलींचे बाइट जागच्या जागी राहतात. म्हणून बँकेची कागदपत्रं, आधारच्या प्रती असलेला पेनड्राइव्ह कोणाला देण्याआधी क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ‘क्विक’ची खूण काढून फॉरमॅट केलं, तर ड्राइव्हभर शून्य लिहिलं जातं. वेळ लागतो, पण घरगुती कामाला ते पुरेसं आहे.

याच गोष्टीचा दिलासाही आहे. पेनड्राइव्ह लावताच ‘वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल’ असा निरोप आला आणि आत कामाचे फोटो असतील, तर ‘ओके’ दाबू नका. एवढं कळकळीने सांगतो, कारण बहुतेक फोटो त्या एका क्लिकनंतरच्या धडपडीत हरवतात. पेनड्राइव्हवर नेहमी आढळणाऱ्या फॅट३२ या फाइल सिस्टिमने पार्टिशनच्या शून्यापासून मोजल्यास सहाव्या सेक्टरमध्ये बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरची, प्रत ठेवलेली असते, आणि फाइलींच्या साखळ्या नोंदवणारं कोष्टकही सहसा दोनदा लिहिलेलं असतं. लिहिण्याचं काम चालू असताना पेनड्राइव्ह उपटला की पहिली प्रत अर्धवट राहते, दुसरी बरेचदा शाबूत असते. टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्राम त्या प्रतीवरून मूळ सेक्टर पुन्हा उभा करू शकतो. ड्राइव्ह वाचताना अडखळत असेल, तर त्याआधी डीडीरेस्क्यूने त्याची पूर्ण प्रत संगणकावर काढावी आणि जे प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर.

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्यावर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तरीही फॉरमॅटची घाई नको. फॅट३२ मध्ये प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची असते आणि त्यातल्या बाराव्या बाइटमध्ये ‘लपलेली’, ‘सिस्टिमची’ अशा खुणा असतात. व्हायरसने फोल्डर पुसलेले नसतात, त्या बाइटमधले एक-दोन बिट बदललेले असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरस चालवायचा, मग विंडोजच्या अ‍ॅट्रिब कमांडने त्या खुणा काढायच्या. फोल्डर परत दिसतात.

फाइल सिस्टिम कोणती निवडायची, हा सोपा प्रश्न उगाच अवघड झाला आहे. फॅट३२ मध्ये फाइलचा आकार चार बाइटमध्ये लिहितात, म्हणून ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिथे मावत नाही. लग्नाच्या शूटिंगची सहा जीबीची फाइल ‘जागा भरपूर असूनही’ जात नाही ती यामुळे. एक्सफॅटला ही अडचण नाही, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचे तपशील खुले केल्यापासून लिनक्सवरही ते सहज चालतं. दोन लॅपटॉपांमध्ये फाइली नेण्या-आणण्यासाठी एक्सफॅट घ्या. गाडीतला म्युझिक प्लेअर आणि जुना टीव्ही यांना मात्र बहुतेकदा फॅट३२ च लागतं. मॅकवर फॉरमॅट केलेला ड्राइव्ह गाडीत चालत नसेल, तर फाइल सिस्टिम बरोबर असूनही खाली जीपीटी टेबल आहे का, ते बघा. अनेक प्लेअरना फक्त एमबीआर कळतं. मॅकच्या डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हाइसेस’ केल्याशिवाय टेबल बदलायचा पर्यायच दिसत नाही, आणि बरेच लोक तिथेच अडकतात.

३२ जीबीपेक्षा मोठा ड्राइव्ह विंडोजच्या खिडकीतून फॅट३२ मध्ये फॉरमॅट होत नाही, यामागे फॅट३२ चा काही दोष नाही. डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या माजी अभियंत्याने जाहीरपणे सांगितलं आहे की नव्वदीच्या दशकात ती खिडकी त्याने तात्पुरती म्हणून बनवली आणि ३२ चा आकडा त्यानेच ठरवला. पुढे तो तसाच राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांड लाइनसाठी ही मर्यादा दोन टीबीपर्यंत वाढवण्यात आली.

आता सगळ्यात खालचा थर. ‘डिस्क इज राइट प्रोटेक्टेड’ असा निरोप आला तर आधी ड्राइव्हच्या कडेला सरकवायचं बटण आहे का ते पाहावं, मग डिस्कपार्टमध्ये ‘अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’ करून पाहावं. त्यानेही फरक पडला नाही, तर बहुधा कंट्रोलरनेच निर्णय घेतलेला असतो. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. खराब झालेल्या ब्लॉकांच्या जागी कंट्रोलर राखीव ब्लॉक वापरतो, आणि ते संपले की आतला डेटा निदान वाचता यावा म्हणून लिहिणं बंद करतो. याचं एक विचित्र लक्षण असं की फाइली पुसल्या, फॉरमॅटही ‘यशस्वी’ झालं, पण ड्राइव्ह काढून लावला की जुन्या फाइली पुन्हा हजर. अशा वेळी कोणतंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. डेटा कॉपी करून घ्यावा आणि नवा ड्राइव्ह घ्यावा. ‘नो मीडिया’ आणि क्षमता शून्य दिसत असेल, तर कंट्रोलर जिवंत आहे पण मेमरीपर्यंत पोचत नाही. तोही घरी दुरुस्त होण्यातला प्रकार नाही.

याच थरात फसवणूकही चालते. दोन टीबीचा पेनड्राइव्ह काही शे रुपयांत मिळतोय असं दिसलं, की तो खोटा आहे असं खुशाल समजावं. आत बहुधा कमी क्षमतेची चिप असते आणि कंट्रोलरला दोन टीबी सांगायला शिकवलेलं असतं. लिहिताना चूक दाखवली जात नाही. खरी जागा संपल्यावरचा डेटा हरवतो किंवा आधीच्या फाइलींवरच चढतो, आणि हे कळतं महिन्यांनी, मुलांचे फोटो उघडायला जावं तेव्हा. मला हा धंदा अतिशय निर्दय वाटतो. नवा ड्राइव्ह हाती आला की विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवून तो काठोकाठ भरून परत वाचून घ्यावा आणि खोटा निघाला तर पैसे परत मागावेत. तेवढी मुदत उरली नसेल, तर एफ३ खरा शेवटचा सेक्टर शोधून देतं, आणि पार्टिशन तेवढ्यापुरतंच आखलं की उरलेली खोटी जागा वापरातून बाहेर राहते. इथे टेबल एमबीआरच ठेवावं. जीपीटी आपली प्रत ड्राइव्हच्या शेवटच्या सेक्टरमध्ये लिहायला जाईल, आणि या ड्राइव्हला तो सेक्टरच नाही.