कोच निघाला, पण यश सोबत येतं का?

24 नोव्हेंबर 2017, फ्लोरिडातलं ओरलँडो शहर. युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा (पुढे नुसतं यूसीएफ म्हणू) आणि शेजारची साउथ फ्लोरिडा यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा सामना रंगला होता. शेवटची पावणेदोन मिनिटं उरली होती आणि गुण होते 42-42. साउथ फ्लोरिडाने नुकतीच बरोबरी केली होती, त्यामुळे नियमाप्रमाणे चेंडू लाथेने यूसीएफकडे पाठवायची पाळी त्यांची होती. तो चेंडू माइक ह्यूज या खेळाडूच्या हातात आला आणि समोरून धावून येणाऱ्या अकरा जणांमधून वाट काढत तो 95 यार्ड, म्हणजे जवळजवळ 87 मीटर, पळत सुटला. 49-42. यूसीएफ त्या वर्षी एकही सामना हरली नाही.

आठ दिवसांनी पुढचा सामनाही असाच अटीतटीचा झाला. मेम्फिसविरुद्ध जादा वेळ दोनदा खेळावा लागला आणि यूसीएफने तो 62-55 असा जिंकला. त्याच दिवशी बातमी आली की यूसीएफचे कोच स्कॉट फ्रॉस्ट आता नेब्रास्का विद्यापीठाकडे चालले. करार सात वर्षांचा, रक्कम 3.5 कोटी डॉलर. पगार दुपटीहून जास्त.

हे अमेरिकन फुटबॉल म्हणजे लांबुळक्या चेंडूचं. तिथल्या विद्यापीठांमध्ये त्याचं काय स्थान आहे, याचा अंदाज आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांवरून येणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1,07,601 माणसं बसतात. नेब्रास्काच्या लिंकन शहरातल्या स्टेडियमची तिकिटं 1962 पासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. कितीतरी राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेला सगळ्यात मोठा पगार राज्यपालांचा नसून विद्यापीठाच्या कोचचा असतो. ज्यांची मुलं अ‍ॅन आर्बर किंवा कोलंबससारख्या विद्यापीठाच्या शहरात शिकायला आहेत, त्या मराठी आईवडिलांना तिथले शनिवार ठाऊक असतील. सामना असला की सगळं गाव तिकडे लोटतं.

फ्रॉस्ट यांची गोष्ट आणखी हळवी होती. ते मूळचे नेब्रास्काचेच. 1997 साली नेब्रास्काने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं तेव्हा ते त्या संघाचे क्वार्टरबॅक होते, म्हणजे आक्रमणाची सूत्रं त्यांच्या हातात होती. घरचं बोलावणं, जास्त पैसा, मोठं मैदान. नाही म्हणायला कारणच नव्हतं. पाचवा हंगाम पुरा होण्याआधीच ते संपलं. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांना काढण्यात आलं, तेव्हा हिशेब होता 16 विजय आणि 31 पराभव.

यूसीएफमध्ये 0-12 असा (म्हणजे विजय एकही नाही, पराभव 12) हंगाम संपवलेला संघ हातात घेऊन दोन वर्षांत 13-0 करून दाखवणारा माणूस एवढ्यात कोचिंग विसरला का? मला तसं वाटत नाही. मुळात 13-0 या आकड्यात फ्रॉस्ट किती होते, हा खरा प्रश्न आहे. पगारवाढ घेऊन निघणाऱ्या प्रत्येक यशस्वी कोचने, आणि त्याला बोलावणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने, तो आधी विचारायला हवा.

सुरुवात नाण्यापासून करू. कॉलेज फुटबॉलच्या नियमित हंगामात 12 सामने असतात. नाणं 12 वेळा उडवलं तर 9 किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे 7 टक्के, म्हणजे चौदात एकदा. वरच्या पातळीवर 130 हून अधिक संघ आहेत. ते सगळे अगदी सारख्या ताकदीचे असते आणि सगळे निकाल निव्वळ नाणेफेकीने लागले असते, तरी दरवर्षी नऊ-दहा संघांच्या नावापुढे 9 किंवा अधिक विजय दिसले असते. त्यांच्या कोचांचे फोटो छापून आले असते आणि त्यांना नव्या नोकरीचे फोनही आले असते. प्रत्यक्षात संघ सारखे नसतात हे खरं, पण 12 हा आकडा फार छोटा आहे. एवढ्याशा नमुन्यात कौशल्य आणि नशीब वेगळं काढणं अवघड जातं.

फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये उंच आईवडिलांच्या मुलांच्या उंच्या मोजल्या, तेव्हा ती मुलं उंच असली तरी सरासरीने आईवडिलांइतकी उंच नव्हती. कुठलीही टोकाची गोष्ट पुन्हा मोजली की ती सरासरीकडे थोडी सरकलेली दिसते. कारण टोक गाठायला गुणांच्या जोडीला योगायोगांनीही एकाच दिशेने जोर लावलेला असतो, आणि योगायोग दरवेळी तसे जुळत नाहीत. कोचला मोठी ऑफर येते ती नेमकी टोकाच्या हंगामानंतर. म्हणजे पुढचा हंगाम थोडा खाली येण्याची शक्यता जास्त असते, तो गेला तरी आणि राहिला तरी. राहिला तर लोक म्हणतात, यंदा जरा कमी पडलं. गेला तर म्हणतात, पैशामागे गेला आणि बुडाला.

नेब्रास्काचा 2021 चा हंगाम मी एकदा वही घेऊन सामन्यागणिक उतरवून काढला. इलिनॉयविरुद्ध 22-30, ओक्लाहोमाविरुद्ध 16-23, मिशिगन स्टेटविरुद्ध जादा वेळेत 20-23, मिशिगनविरुद्ध 29-32, शेवटी आयोवाविरुद्ध 21-28. असे नऊ पराभव, आणि नवापैकी एकही 9 पेक्षा जास्त गुणांनी नाही. जिंकलेले तीन सामने मात्र दणदणीत: 52-7, 28-3, 56-7. बेरीज केली तर नेब्रास्काने वर्षभरात 335 गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांनी 272. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा 63 गुण जास्त करूनही संघ 3-9! 2017 मध्ये ह्यूजच्या धावेने जी तागडी यूसीएफच्या बाजूला झुकली होती, ती इथे नऊ वेळा दुसरीकडे झुकली.

पण सगळं नशिबावर ढकलून मोकळं होता येत नाही. नेब्रास्कात फ्रॉस्ट यांचे 27 सामने 8 किंवा कमी गुणांच्या फरकाने सुटले आणि त्यांतले त्यांनी फक्त 5 जिंकले. नाणं 27 वेळा उडवून पाचच्या वर छापे न पडणं 1,300 वेळांत एखादेवेळी घडतं. इतकं वाईट नशीब सहसा एकटं येत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध नेब्रास्का 28-17 ने पुढे होती. तेव्हा फ्रॉस्ट यांनी चेंडू लांब न मारता जवळच मारून आपणच पुन्हा पकडायचा जुगार खेळला. तो फसला आणि सामना 31-28 असा हातचा गेला. तो निर्णय त्यांचाच होता.

मग उरतं ते जागेचं श्रेय. फ्रॉस्ट गेल्यावर यूसीएफमध्ये जॉश ह्युपल आले आणि त्यांनी तोच संघ घेऊन पुढचे 12 सामने ओळीने जिंकले. 13 आणि 12 मिळून सलग 25 विजय, आणि कोच मात्र दोन! तो क्वार्टरबॅक, ते सहकारी, एकमेकांच्या सवयी माहीत असलेली पोरं ओरलँडोतच राहिली होती, आणि त्यांच्याबरोबर यशाचा मोठा भागही.

जागेचा हा वाटा हार्वर्ड बिझनेस स्कूलचे बोरिस ग्रॉयसबर्ग यांनी वेगळ्याच क्षेत्रात मोजला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वॉल स्ट्रीटवरच्या हजाराहून अधिक नावाजलेल्या शेअर-विश्लेषकांची 1988 ते 1996 मधली कारकीर्द तपासली. ही माणसं म्हणजे एकेकटी हुशारी विकणारी. त्यांचं ज्ञान त्यांच्या डोक्यात, असं सगळे मानत. तरी कंपनी बदलल्यावर जवळपास निम्म्यांची कामगिरी पहिल्याच वर्षी घसरली. सरासरी घसरण सुमारे 20 टक्के होती आणि पाच वर्षांनीही ती पूर्ण भरून आली नव्हती. आपलं म्हणून जे वाटत होतं, त्यातला बराचसा भाग जुन्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांचा, पद्धतींचा, ओळखीपाळखीचा निघाला.

हृदयशस्त्रक्रियांवरचा अभ्यास तर मला जास्तच भिडतो. रॉबर्ट हकमन आणि गॅरी पिसानो यांनी पेनसिल्व्हेनियातले असे सर्जन पाहिले, जे एकाच काळात दोन-तीन हॉस्पिटलांत ऑपरेशन करत. एका हॉस्पिटलात सर्जनने जास्त ऑपरेशनं केली की तिथल्या रुग्णांचे मृत्यू कमी होत. पण त्याच अनुभवाचा फायदा त्याच्या दुसऱ्या हॉस्पिटलातल्या रुग्णांना दिसत नव्हता. हात तेच असले तरी भूल देणारे डॉक्टर वेगळे, परिचारिका वेगळ्या आणि न बोलता पुढे येणारं अवजारही वेगळं होतं.

ग्रॉयसबर्ग यांच्या आकड्यांत एक अपवाद होता. जे विश्लेषक आपली टीम घेऊन निघाले, त्यांना तो फटका बसला नाही. फ्रॉस्टही आपले बहुतेक सगळे सहायक कोच घेऊनच लिंकनला गेले होते, तरी जमलं नाही. माझ्या मते कारण असं की ते खेळाडू नेऊ शकले नाहीत. तेव्हा विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. 2021 पासून हा नियम सैल झाला. 2023 च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इंडियानाला गेले, ते सहायकांबरोबर डझनभराहून अधिक खेळाडू घेऊनच. इंडियाना म्हणजे हरण्यासाठी प्रसिद्ध संघ. आदल्या वर्षी 3-9. पहिल्याच हंगामात 11-2, आणि दुसऱ्या हंगामाअखेर, जानेवारी 2026 मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद. सिग्नेटी असामान्य कोच आहेत यात शंका नाही. पण ते एकटे गेले नव्हते, हे विसरून चालणार नाही.

व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये, जाणं ही आणखी वेगळी उडी. निक सेबन यांनी लुइझियाना स्टेटला 2003 च्या हंगामात विजेतेपद मिळवून दिलं, मग मायामी डॉल्फिन्सकडे गेले आणि दोन वर्षांत 15-17 वर थांबले. पुढे अलाबामा विद्यापीठात आले आणि सहा विजेतेपदं जिंकली. स्टीव्ह स्परियर फ्लोरिडाहून वॉशिंग्टनला गेले, 12-20. अर्बन मायर जॅक्सनव्हिलला 2-11 असताना हंगामाच्या मध्येच काढले गेले. पीट कॅरल, जिमी जॉन्सन यांनी तिथेही अजिंक्यपद मिळवलं, त्यामुळे कॉलेजचा कोच तिथे चालतच नाही असं नाही. पण फरक रचनेत आहे. कॉलेजात उत्तम कोच देशभरातली सगळ्यात तयार पोरं स्वतःकडे ओढतो आणि दरवर्षी ओढतच राहतो. यश यशाला बोलावतं. एनएफएलमध्ये सगळ्यात खालच्या संघाला नव्या खेळाडूंची पहिली निवड मिळते आणि पगाराच्या एकूण खर्चाला सगळ्यांना सारखी मर्यादा असते. कॉलेजात ज्या गुणामुळे तो मोठा झाला, म्हणजे घरोघरी जाऊन मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना जिंकून घेणं, त्याला तिथे फारसा वावच नाही.

पैशाचं काय? इथे भाबडेपणा नको. फ्रॉस्ट यांना काढताना नेब्रास्काने 1.5 कोटी डॉलर भरपाई मोजली. विद्यापीठ तीन आठवडे थांबलं असतं तर ती निम्मी झाली असती, तरी ते थांबलं नाही. टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशर यांना 2023 मध्ये घरी बसवण्यासाठी सुमारे 7.6 कोटी डॉलरची तयारी ठेवली. असा करार हातात असताना पैशापुरता तरी निघण्यात तोटा नाही.

समाधानाचा हिशेब मात्र वेगळ्या गतीने चालतो. डॅनिएल कानेमान आणि मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह 2023 मध्ये पैसा आणि समाधान यांबद्दलचे आपापले आधीचे परस्परविरोधी निष्कर्ष एकत्र तपासले. बहुतेकांचं समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच जातं, पण ते पटीने मोजावं लागतं: 50 हजारांचे लाख झाल्यावर जेवढी पायरी चढते, तेवढीच पुढची पायरी चढायला लाखाचे दोन लाख व्हावे लागतात. आणि जी माणसं मुळातच फार दुःखी असतात, त्यांच्यासाठी सुमारे एक लाख डॉलरनंतर पैसा फारसं काही करत नाही. आधीच वर्षाला लाखो डॉलर मिळवणाऱ्या कोचला पुढच्या लाखांतून मिळणारी पायरी बुटकीच असणार. आपलं काम रोज जमतंय ही भावना गमावण्याची किंमत त्या पायरीतून वसूल होईल का, याची मला दाट शंका आहे.

मला कुणी कोचने विचारलं, तर मी ख्रिस पीटरसन यांचं उदाहरण देईन. आयडाहोतल्या बॉइझी स्टेटमध्ये आठ हंगामांत त्यांचे 92 विजय आणि फक्त 12 पराभव. दरवर्षी मोठ्या विद्यापीठांसाठी त्यांचं नाव घेतलं जाई आणि दरवर्षी ते बॉइझीतच राहत. 2013 च्या अखेरीस ते वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि 2016 मध्ये तो संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या शेवटच्या चार संघांत होता. म्हणजे तेही गेलेच. पण एका झगमगत्या वर्षाच्या जोरावर नाही. आठ वर्षांत, शंभरावर सामन्यांत, आपलं काय आणि जागेचं काय हे कळण्याइतका नमुना त्यांच्या हाताशी होता.

जी पोरं मागे राहतात त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. अठरा वर्षांचा मुलगा विद्यापीठ निवडतो ते बहुतेकदा कोचचा चेहरा पाहून. करार मात्र कोचचा वेगळा आणि त्याचा वेगळा असतो. फ्रॉस्ट यांनी निदान एवढं केलं की नवी नोकरी पत्करूनही ते शेवटच्या सामन्याला यूसीएफच्या बाजूला उभे राहिले. 1 जानेवारी 2018 ला त्या मुलांनी ऑबर्नसारख्या बलाढ्य संघाला 34-27 ने हरवलं, आणि मग ते गेले.

डिसेंबर 2024 मध्ये ते यूसीएफला परतले. ओरलँडोतलं स्टेडियम तेच होतं. पण मधल्या काळात विद्यापीठ बिग ट्वेल्व्ह या कितीतरी कठीण गटात गेलं होतं. 2017 ची पोरं केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडली होती. 2025 च्या हंगामात यूसीएफने 5 सामने जिंकले आणि 7 हरले.