गेफ्स बंधूंचे दोन सैतान

बेल्जियममधल्या लिएजच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या संगमरवरी ल्युसिफरचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. खाली मजकूर ठरलेला: सैतान इतका देखणा झाला की चर्चला तो हलवावा लागला. गंमत म्हणजे फोटोतला पुतळा अजून जागच्या जागी आहे. हलवला तो दुसराच, त्याच शिल्पकाराच्या धाकट्या भावाचा.

अँटवर्पच्या गेफ्स घरातले सहा भाऊ शिल्पकार. त्यांतले गियोम (1805–1883) आणि जोसेफ (1808–1885) यांच्यात घोळ होतो. 1830 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि चौकाचौकात वीरपुरुष उभे करायची घाई सुरू झाली. त्यातली मोठमोठी कामं गियोमकडे गेली. ब्रसेल्समधलं 1830 च्या हुतात्म्यांचं स्मारक, अँटवर्पचा चित्रकार रुबेन्स, ब्रसेल्सच्या काँग्रेस स्तंभाच्या टोकावरचा बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड. लिएजला संगीतकार ग्रेट्रीचा पुतळाही त्याचाच. त्याच्या चौथऱ्यात ग्रेट्रीचं हृदय ठेवलंय! अँटवर्पच्या अकादमीत शिकवणाऱ्या जोसेफच्या नावावर सार्वजनिक कामं त्यामानाने कमी, पण ब्रसेल्समधला शरीरशास्त्रज्ञ वेसालियस त्याचा.

कॅथेड्रलच्या नव्या प्रवचनपीठासाठी सैतान घडवायचं काम मात्र आधी जोसेफला मिळालं. त्याचा 1842 चा सैतान म्हणजे वटवाघळाचे पंख लावलेला सुकुमार तरुण. मांडीवर कापडाची पट्टी, पायाशी साप, एवढंच. शिक्षा भोगतोय असं कुठे वाटतच नाही. भाविकांचं लक्ष प्रवचनावरून उडेल म्हणून तो काढला गेला, आणि काम थोरल्याकडे आलं.

गियोमने 1848 मध्ये तोच विषय घेतला, पण पाप आणि शिक्षा स्पष्ट कोरून. घोट्याला साखळी, हातात मोडका राजदंड आणि उतरलेला मुकुट, खाली चावा घेतलेलं सफरचंद, केसांत छोटी शिंगं, आणि नीट पाहिलं तर डोळ्यातून ओघळणारा अश्रू. एक हात स्वतःला वाचवायला डोक्यावर घेतलेला. एवढं करून तो कमी देखणा झाला का? मला तर तो धाकट्याच्या सैतानाहून जास्त देखणा वाटतो. बिशपांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण हा टिकला.

तेव्हा फोटोत साखळी दिसली की गियोम, साप दिसला की जोसेफ. आणि जोसेफचा पाहायचा तर लिएजला नाही, ब्रसेल्सच्या रॉयल म्युझियममध्ये जावं लागतं.