रात्रभर ठेवलेलं पाणी माशांना पुरेसं सुरक्षित असतं का?

नळाचं पाणी बादलीत भरून रात्रभर उघडं ठेवायचं आणि सकाळी फिशटँकमध्ये ओतायचं, हा सल्ला मासे पाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कुणी ना कुणी दिलेला असतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा ठाऊक नसला, तर पाणी बदलल्यावर मासे वर येऊन धापा टाकू लागतात आणि दोष मात्र खाद्याला किंवा माशांच्या नाजूकपणाला दिला जातो.

पाणी शुद्ध करताना घातलेलं क्लोरीन थोडंसं शिल्लक राहून नळापर्यंत पोचावं, अशीच योजना असते. वाटेत पाइपमध्ये जंतू शिरले तरी ते मरावेत, हा हेतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावं. दुसरीकडे, गोड्या पाण्यातल्या जलचरांना थोड्या वेळापुरती चालेल अशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवलेली मर्यादा आहे लिटरमागे ०.०१९ मिलिग्रॅम. म्हणजे माणसासाठी जे कमीत कमी हवं, तेच माशांच्या मर्यादेच्या दहापट आहे.

आपण प्यायलेल्या पाण्यातलं क्लोरीन लाळेशी आणि पोटातल्या अन्नाशी अभिक्रिया होऊन रक्तात पोचण्याआधीच संपतं. माशाच्या बाबतीत रक्त आणि बाहेरचं पाणी यांच्यामध्ये असतो फक्त कल्ल्यांचा काही मायक्रोमीटर जाडीचा पडदा, आणि त्यावरून पाणी अखंड वाहत असतं. क्लोरीन हा पडदाच भाजून काढतं.

साधं क्लोरीन उघड्या पाण्यातून हळूहळू उडून जातं, हे खरं. अरुंद तोंडाच्या खोल भांड्यात त्याला जास्त वेळ लागतो. पसरट टबात एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे काढणारा दगड सोडला तर एका दिवसात काम होतं. पण अनेक ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. क्लोरीन आणि अमोनिया यांच्या संयोगातून ते बनतं आणि लांबच लांब पाइपांमधून जातानाही टिकून राहतं, म्हणूनच पाणीपुरवठा करणाऱ्यांना ते सोयीचं वाटतं. हाच टिकाऊपणा आपल्या मुळावर येतो. रात्रभर काय, कित्येक दिवस ठेवलं तरी ते पुरतं जात नाही. शिवाय ते कल्ल्यांमधून थेट रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं रूप असं पालटतं, की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. डायलिसिसच्या पाण्यातून क्लोरामाइन कसोशीने काढून टाकावं लागतं, तेही याच कारणाने: तिथेही पाण्याचा रक्ताशी जवळून संबंध येतो.

आपल्या नळाला यातलं काय येतं, हे आधी तपासावं. मुक्त क्लोरीन (साधं, कशाशी न जोडलेलं) आणि एकूण क्लोरीन (क्लोरामाइनमधलंही धरून) असं दोन्ही वेगवेगळं मोजणारं, रंगावरून आकडा सांगणारं डीपीडी किट घ्यावं. एकूणचा आकडा मुक्तपेक्षा बराच मोठा आला, तर पाण्यात क्लोरामाइन आहे असं समजायला हरकत नाही.

दुकानात मिळणाऱ्या अँटीक्लोरीनमध्ये बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. क्लोरीनचा ते काही क्षणांत निकाल लावतं. क्लोरामाइनही फोडतं, पण त्यातला अमोनिया पाण्यात मोकळा सुटतो. तो किती घातक ठरेल, हे पाण्याच्या पीएचवर अवलंबून असतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच सुमारे ५ टक्क्यांवर जातो. म्हणून क्लोरामाइनच्या पाण्याला अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर लागतं. बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. बांधलेला अमोनिया पुढे फिल्टरमधले जिवाणू संपवतात: काही त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात.

हे जिवाणूही क्लोरीनला बळी पडतात, आणि इथेच फार मोठी चूक होते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून चकचकीत धुतला, की महिनाभर जमलेली वसाहत वाहून जाते. स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळावा, आणि तोही मळकट दिसेल इतपतच. पाणी थेट पाइपने टँकमध्ये सोडत असाल, तर कंडिशनर आधी घालावं आणि मात्रा नव्या पाण्यापुरती न धरता अख्ख्या टँकच्या लिटरमध्ये मोजावी.

नव्या पाण्याचं तापमान टँकशी जुळवावं. तांब्याच्या पाइपमध्ये रात्रभर साचलेलं पाणी आधी सोडून द्यावं. तांबं माशांपेक्षाही कोळंबी आणि गोगलगायींना लवकर मारतं.

महिनोन् महिने पाणी न बदललेल्या टँकची गोष्ट मात्र वेगळी. जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होत राहतं, पाण्यातली कार्बोनेट कठीणता (आम्ल शोषून पीएच स्थिर ठेवणारे क्षार) संपते आणि पीएच ६ च्या आसपास घसरतो. जिवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साचू लागतो. पण इतक्या कमी पीएचला तो जवळपास सगळाच निरुपद्रवी रूपात असल्यामुळे मासे ठीक दिसतात. अशा टँकमध्ये पीएच ८ चं ताजं पाणी एकदम अर्धं भरलं, तर त्यात क्लोरीनचा अंशही नसला तरी साचलेला अमोनिया विषारी होतो आणि मासे काही तासांत दगावू शकतात. तिथे आधी दोन्ही पाण्यांचा पीएच आणि टँकमधला अमोनिया मोजावा, मग रोज साधारण दहावा हिस्साच बदलत जावं, आणि अमोनियाचा आकडा शून्यावर येईपर्यंत खाद्य कमी ठेवावं.